जसे बोलतात तसे लिहा, जिथे आहेत तिथे मोजा : ठाणे जिल्ह्यातील जनगणना अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जनगणनेचे काम पाहणारे सर्व प्रमुख अधिकारी, चार्ज अधिकारी आणि पर्यवेक्षक,
ठाणे जिल्हा, तसेच ठाणे व नवी मुंबई महापालिका क्षेत्र.

सप्रेम नमस्कार.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणारी जनगणना तब्बल सोळा वर्षांनी होत आहे. २०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली आणि पुढे लांबतच गेली. त्यामुळे या वेळी जे लिहिले जाईल, ते आणखी किमान दहा वर्षे आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. असे असताना आमच्या भागातील शिक्षकांच्या एका बैठकीत, या कामाशी संबंधित एका जबाबदार व्यक्तीने प्रगणक म्हणून नेमल्या जाणाऱ्या तरुण शिक्षकांना सल्ला दिला की, मातृभाषेच्या रकान्यावर वेळ घालवू नका. माणूस कुठल्या राज्यातून आला ते विचारा, त्या राज्याची भाषा टाका आणि पुढच्या घरी जा. त्या व्यक्तीचे नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. सल्ला ऐकून खोलीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या, ही मला अधिक काळजीची गोष्ट वाटली आणि म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांत मी प्रगणक म्हणून दारोदार फिरले आहे, त्यामुळे उन्हातान्हात बंद दरवाजे ठोठावणाऱ्या माणसाला घाई का होते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे घर घणसोली गावातले, आगरी कुटुंबातले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या, त्यांतलेच आमचे एक. गावठाणात आज जुन्या घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत आणि आमच्यापैकी बहुतेकांची चूल भाडेकरूंच्या भाड्यावर पेटते. आमच्या एका इमारतीत तळमजल्यावर विजापूरकडचे गवंडी, वर आझमगढचा टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ, त्याच्या शेजारी बाजार समितीत माथाडी असलेल्या साताऱ्याच्या माणसाचे कुटुंब, आणि गच्चीलगतच्या खोलीत मालदा जिल्ह्यातून सेंट्रिंगच्या कामाला आलेली पाच-सहा पोरे राहतात. अकरा महिन्यांचे ॲग्रीमेंट संपले की यातले कोणीतरी बदलते. भूमिपुत्र म्हणून माझ्या मनात या बदलाबद्दल काही सल नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण सल असणे वेगळे आणि शेजारी राहणाऱ्या माणसाची नोंद चुकीची व्हावी अशी इच्छा असणे वेगळे.

या जिल्ह्याला परगावची माणसे नवी नाहीत. ठाण्यात १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे आणि ते लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेशचे अन्सारी आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर एकाच खडखडाटात काम करत आले. वागळे इस्टेटीत कारखाने निघाले तेव्हा तळकोकणातून, घाटावरून माणसे आली आणि लोकमान्य नगर, सावरकर नगर त्यांनी भरले. आणि हे सगळे येण्याच्या कितीतरी आधीपासून येऊरच्या डोंगरात वारली होते, खाडीकाठी कोळी-आगरी होते, रानात कातकरी होते. वाशी स्थानकाजवळ केरळ, आसाम, ओडिशा अशा राज्यांची भवने दिमाखात उभी आहेत. राज्यांना इथे हक्काची जागा मिळाली, हे छानच, पण त्याच राज्यांतून आलेला माणूस त्याच भवनाच्या मागच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहत असेल तर त्याच्यापर्यंत प्रगणक पोचेल का, याची खात्री मला नाही.

माझ्या तक्रारी आता क्रमाने मांडते.

पहिली तक्रार अर्थातच मातृभाषेच्या रकान्याची. या रकान्याबद्दल २०११ च्या प्रशिक्षण पुस्तिकेतील सूचना मला अजून लख्ख आठवतात. मातृभाषा म्हणजे त्या व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे ती. आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जात असलेली भाषा. सांगितलेली भाषा दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे की काय, हे प्रगणकाने ठरवायचे नाही; धर्माचा आणि भाषेचा संबंध जोडायचा नाही; वाद घालायचा नाही; माणूस जे सांगेल ते लिहायचे. एवढी स्वच्छ सूचना असताना 'राज्यावरून भाषा' हा शॉर्टकट कुठून आला? झारखंडचा माणूस संथाली बोलणारा असू शकतो, मिथिलेचा माणूस मैथिली, आणि विजापूरहून आलेले कुटुंब घरात कन्नड, उर्दू, लमाणी किंवा वडारांची तेलुगूच्या जवळची बोली, यांपैकी काहीही बोलत असू शकते. राज्यावरून भाषा ठरवायची तर घणसोलीतल्या माझ्या आईची भाषाही कोणी न विचारताच लिहून टाकेल, आणि खरे तर तिन्ही जनगणनांत आमच्या गावात तसेच घडताना मी पाहिले आहे.

२०११ मध्ये देशभरातून मातृभाषेची १९,५६९ नावे लोकांनी सांगितली होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि त्यांचेही गट पाडून शेवटी १२१ भाषांचे तक्ते प्रसिद्ध झाले, त्यांत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषेचा आकडा वेगळा छापला जात नाही, ते धोरणही तसेच चालू आहे. हिंदीच्या खाती जे ५२ कोटी ८३ लाख लोक दिसतात, त्यांत भोजपुरी सांगणारे पाच कोटींहून अधिक आहेत आणि राजस्थानी, छत्तीसगढी, मगही सांगणारेही त्यातच आहेत. आपल्याकडची मालवणी कोकणीच्या गटात जाते, अहिराणी खानदेशीच्या आणि वारली चक्क भिलीच्या. हे गट बरोबर की चूक, यावर भाषातज्ज्ञांनी भांडावे. मी त्या वादात पडत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की गट पाडण्याचे काम कार्यालयात बसलेल्या भाषा विभागाचे आहे, दारात उभ्या असलेल्या प्रगणकाचे नाही. दारातच 'हिंदी' लिहिले गेले तर भोजपुरीचा तो माणूस छाननीपर्यंत पोचतच नाही, आणि पुढे कोणाला ती नोंद दुरुस्त करायची म्हटली तरी करता येत नाही. या वेळी काम मोबाइलवर आहे. ॲपमध्ये भाषेची यादी देऊन त्यातली एक निवडायला लावणार असाल, तर यादीत नसलेली भाषा लिहिण्याची सोय किती सहज आहे यावरच सगळे अवलंबून राहील. तीनदा बोट सरकवल्यावर सापडणारे 'इतर' घाईतला माणूस शोधत नाही.

कोणी म्हणेल, बाई, आगरी लिहिले काय आणि मराठी लिहिले काय, काय फरक पडतो? मला शाळेत फरक दिसला. पहिलीच्या माझ्या वर्गात जनरल रजिस्टरच्या मातृभाषेच्या रकान्यात सरसकट 'मराठी' किंवा 'हिंदी' असे, आणि समोर बसलेल्या मुलांपैकी निम्मी पहिले कित्येक महिने गप्प असत. तुर्भ्याच्या दगडखाणीवरून आलेली वडारांची एक मुलगी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. गणिताची बेरीज ती बोटांवर अचूक करायची, पण 'एकूण किती?' असे विचारले की माझ्या तोंडाकडे पाहत राहायची, आणि सुट्टीत फाटकाशी आलेल्या आजीशी मात्र अखंड बोलायची. तिला शिकवायचे कसे, यासाठी एकही पुस्तिका, एकही प्रशिक्षण मला कधी मिळाले नाही, कारण कागदोपत्री अशी मुलगी माझ्या वर्गात नव्हतीच. राज्यघटनेचे कलम ३५०(अ) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास सांगते. ती मुले किती आणि कुठे, हेच माहीत नसेल तर सोय कोणाची करणार?

दुसरी तक्रार वेळेची, आणि हिचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. माणसे मोजण्याचा मुख्य टप्पा फेब्रुवारीत असतो. २०११ मध्ये तो ९ ते २८ फेब्रुवारी असा होता आणि या वेळीही फेब्रुवारीच ठरला आहे. शहरी माणसाला हा महिना सोयीचा आहे. पण शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण या तालुक्यांतला कातकरी त्या वेळी आपल्या वाडीवर नसतो. भातकापणी, दिवाळी झाली की तो मुकादमाकडून उचल घेतो आणि बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो. भट्टी मे महिन्यापर्यंत चालते आणि पावसाच्या तोंडावर तो परततो. फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. जो माणूस गणनेच्या संपूर्ण काळात घरी नसतो, तो त्या घरात मोजला जात नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जावा, असा नियम आहे. नियम योग्य आहे. पण भट्टीवर जाऊन मोजणार कोण? घरांची यादी आणि प्रत्येक प्रगणकाला वाटून दिलेल्या घरांच्या गटांचे नकाशे आदल्या वर्षीच्या घरयादीच्या टप्प्यात तयार होतात, आणि कुडाची, पेंढ्याची, कच्च्या विटा रचून केलेली ती खोपटी हंगाम संपला की मोडून टाकतात. पुढच्या हंगामात ती त्याच जागी असतील असेही नाही, कारण मातीची सोय होईल तिथे भट्टी लागते. म्हणजे वाडीवरच्या घराला कडी आणि भट्टीवरचे खोपटे नकाशात नाही. कातकरी हा महाराष्ट्रातील कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून केंद्राने मान्य केलेला समाज आहे. त्यांच्यासाठीच्या योजनांचा निधी त्यांच्या संख्येवर ठरतो आणि संख्या मोजण्यासाठी आपण नेमका तो महिना निवडला आहे, ज्या महिन्यात ते सापडायला सर्वांत अवघड आहेत. महिना बदलणे तुमच्या हातात नाही, हे मी जाणते. भट्ट्यांची यादी करणे तुमच्या हातात आहे. भट्टीसाठी माती उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते, तेव्हा तहसील कार्यालयात निम्मी यादी तयारच असायला हवी; उरलेल्या भट्ट्यांचा पत्ता कोतवाल आणि पोलीस पाटील एका संध्याकाळी देतील.

याच जातीची तिसरी तक्रार शहरातली आहे, ती थोडक्यात सांगते. घोडबंदर रस्त्यावरच्या आणि घणसोली परिसरातल्या बांधकामांवरची मजुरांची पत्र्याची वस्ती, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा पंपाच्या खोलीत झोपणारा वॉचमन, हॉटेलच्या माळ्यावरची पोरे, घरात राहून म्हाताऱ्यांचे करणाऱ्या बायका, यांना सोसायटीचे सेक्रेटरी 'आमचे रहिवासी' मानत नाहीत. स्वयं-गणनेच्या पोर्टलवर फ्लॅटधारक स्वतःचे कुटुंब भरतील आणि इमारत 'पूर्ण' झाली असे दिसेल. जनगणना नागरिकांची नव्हे, इथे राहणाऱ्या माणसांची असते आणि नेपाळी पहारेकरीही तिच्यात मोजायचा असतो, हे प्रगणकाला आधीच ठासून सांगावे लागेल.

चौथी तक्रार भीतीची. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या, मूळच्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशच्या सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. आमच्या गच्चीवरच्या मालद्याच्या पोरांनीही ते वाचले. त्यानंतर ती फोनवर घरी बोलतानाही आवाज खाली आणून बोलू लागली. उद्या मोबाइल घेऊन आलेल्या सरकारी माणसाने 'मातृभाषा?' असे विचारले तर ती 'बंगाली' म्हणतील, अशी तुमची अपेक्षा आहे का? ती 'हिंदी' म्हणतील, नाहीतर त्या दिवशी खोलीला कुलूप लावून निघून जातील. २०१० मध्ये घरयादीबरोबरच, नागरिकत्वाच्या नियमांखाली होणाऱ्या राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे काम झाले होते, त्यामुळे दोन्ही एकच, असा समज लोकांत पक्का बसला आहे. प्रत्यक्षात १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार कोणाचीही वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही, आणि त्या अधिनियमाखालील खटले वगळता ती पुरावा म्हणून न्यायालयात वापरता येत नाही. हे कलम किती प्रगणकांना ठाऊक आहे, आणि किती जण ते दारात उभे राहून मोठ्याने सांगणार आहेत?

पाचवी तक्रार स्थलांतराच्या कारणाची. २०११ च्या गणनेत देशातले ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित ठरले आणि बायकांच्या बाबतीत कारण म्हणून सर्वांत पुढे होते 'विवाह'. नवऱ्यामागून कलबुर्गीहून येऊन गेली वीस वर्षे नेरूळमध्ये चार घरची धुणीभांडी करणारी बाई कागदावर फक्त 'लग्न करून आलेली' राहते. कामाचा रकाना वेगळा आहे, हे खरे. पण तिथेही घरातला पुरुष 'ती घरीच असते' असे सांगून मोकळा होतो आणि प्रगणक लिहून मोकळा होतो. प्रश्न तिलाच विचारला पाहिजे.

शेवटची तक्रार दिरंगाईची. २०११ चे भाषांचे तक्ते २०१८ मध्ये आले आणि स्थलांतराचे बरेच तक्ते २०१९ मध्ये. वर्षभरात टाळेबंदी लागली आणि माणसे नाशिक महामार्गाने कसाऱ्याकडे चालू लागली, तेव्हा हाताशी असलेली माहिती नऊ वर्षे जुनी होती. सप्टेंबर २०२० मध्ये वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी उपलब्ध नसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. रेशनचेही तेच. अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला मिळालेली सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा अजून २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे. त्यानंतर कळवा, मुंब्रा, दिवा, घणसोली किती फुगले, ते रोज सकाळी दिव्याच्या फलाटावर उभे राहणाऱ्या कोणालाही विचारा.

इथे माझ्याच मराठी वाचकांशी दोन शब्द बोलते, कारण 'परप्रांतीयांची एवढी काळजी कशाला' हा प्रश्न मला नातेवाइकांच्या लग्नातही विचारला जातो. खरी मोजणी झाली तर मराठीचे नुकसान होत नाही. २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते आणि त्यांच्याखेरीज मराठी ही दुसरी येणारी भाषा म्हणून सांगणारे सव्वा कोटींहून अधिक. मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारायचा रकाना प्रगणक बहुधा विचारल्याशिवाय भरतात किंवा रिकामा सोडतात. आमच्या खालचा विजापूरचा गवंडी गिऱ्हाइकाशी, वाण्याशी, माझ्याशी मराठीच बोलतो, त्याची मुले महापालिकेच्या मराठी शाळेत जातात; या शहरातल्या कित्येक मराठी शाळांचे वर्ग अशाच मुलांनी भरलेले आहेत, आणि आपली मुले आपण कुठे घातली, हे आपल्याला माहीत आहे. त्या गवंड्याची मातृभाषा प्रामाणिकपणे लिहिली आणि त्याला येणारी मराठीही लिहिली, तर मराठी इथे कशी टिकून आहे याचा खरा पुरावा हाती येईल. या वेळी सगळी चर्चा जातीच्या रकान्यावर केंद्रित झाली आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना होत असल्याने ते स्वाभाविकही आहे. पण त्या गर्दीत भाषेचा आणि जन्मस्थानाचा रकाना किरकोळ ठरू नये.

माझ्या मागण्या अशा :

प्रत्येक चार्ज अधिकाऱ्याने लेखी परिपत्रक काढून 'राज्यावरून, आडनावावरून किंवा धर्मावरून भाषा लिहू नये. सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे' अशी सूचना द्यावी, आणि पर्यवेक्षकाने रोजच्या तपासणीत सलग एकच भाषा नोंदवलेले घरांचे गट वेगळे काढून पुन्हा पाहावेत.

प्रगणकांच्या प्रशिक्षणात या जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या बोलींची ओळख करून देणारे किमान एक सत्र असावे, आणि ते आगरी, वारली, कातकरी, वडार, भोजपुरी बोलणाऱ्या माणसांनीच घ्यावे. अशी माणसे मिळवून द्यायला मी स्वतः तयार आहे.

जानेवारी २०२७ अखेर तहसील, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि ग्रामपंचायती यांनी मिळून सुरू असलेल्या प्रत्येक वीटभट्टीची आणि दगडखाणीची यादी करावी. महापालिकांनी बांधकाम परवानग्यांवरून मजूर वस्त्यांची करावी. या ठिकाणी सकाळी कामाच्या वेळी नव्हे, अंधार पडल्यावर प्रगणक पाठवावेत आणि त्यांना वाहन द्यावे. वाडीवरचे कुलूपबंद घर 'बंद' म्हणून सोडून न देता, ते कुटुंब कोणत्या भट्टीवर आहे हे शेजाऱ्यांकडून विचारून त्या भट्टीच्या प्रगणकाला कळवावे.

सोसायट्यांना नोटीस देऊन आवारात झोपणाऱ्या प्रत्येक माणसाची माहिती प्रगणकाला देणे बंधनकारक करावे.

कलम १५ चा मजकूर सोप्या भाषेत, मराठीबरोबरच हिंदी, उर्दू, बंगाली, कन्नड आणि तेलुगूत छापून नाक्यांवर, रेशन दुकानांत आणि बांधकामांवर लावावा. प्रगणकासोबत पोलीस असू नये, आणि जनगणनेच्या नावाखाली कोणीही ओळखपत्र मागू नये.

भाषा व स्थलांतराचे तक्ते संदर्भदिनापासून दोन वर्षांच्या आत प्रसिद्ध व्हावेत आणि ठाणे व नवी मुंबईपुरते तरी ते प्रभागनिहाय मिळावेत, यासाठी आपण वरिष्ठांकडे लेखी शिफारस करावी.

मला स्वतंत्र उत्तर पाठवण्याची गरज नाही. परिपत्रक निघाले की त्याची प्रत चार्ज कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा. मी आणि माझ्यासारखे निवृत्त प्रगणक ती येऊन वाचू, आणि फेब्रुवारीत मनुष्यबळ कमी पडले तर भट्ट्यांवर जाण्यासाठी आमची नावे लिहून घ्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व माजी प्रगणक,
घणसोली गाव, नवी मुंबई